दिवा विझला, खरं दुखणं तिथंच आहे

प्रश्न थोडक्यात असा आहे. खानापूरच्या एका गृहस्थांनी २०१६ ची छोटी पेट्रोल गाडी आठ महिन्यांपूर्वी सेकंडहँड घेतली. ७४ हजार किलोमीटर झालेत. रोज बेळगावला ये-जा, अधूनमधून गोवा. मागच्या फेरीत केरीकडून चोर्ला घाट चढताना गाडी गरम झाल्याचा लाल दिवा लागला आणि एसी बंद केल्यावर विझला. एका मिस्त्रीनं पाणी भरून दिलं, दुसरा म्हणाला हेड (इंजिनाचा वरचा भाग) उतरवावं लागेल, तिसरा म्हणाला काही झालेलं नाही. शिवाय घाट उतरताना ब्रेकचं पेडल नेहमीपेक्षा खाली जातं असं त्यांना वाटतं. यातलं घरच्या घरी काय बघता येईल, आणि मोठं काम निघायच्या आधी ओळखायचं कसं, असं त्यांनी विचारलंय.

तिघांतला कोण बरोबर हे गाडी न बघता सांगता येणार नाही. तिघेही आपापल्या जागी बरोबर असू शकतील, कारण तिघांनी गाडी एकेकदाच बघितली. कूलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव) आठ महिन्यांपूर्वी कुठल्या रेघेवर होतं, इंजिन हजार किलोमीटरला किती ऑइल खातं, ब्रेकचं पेडल आधी कुठवर जायचं, हे मिस्त्रीला ठाऊक नाही आणि तुम्हालाही सांगता येत नाही. मग तो अंदाजानं बोलतो. तुमची खरी अडचण ही आहे. गाडीतला बिघाड सहसा एका दिवसात होत नाही. आधी काहीतरी हळूहळू कमी होतं, वाढतं किंवा आवाज बदलतो. नेहमीचं काय ते लिहून ठेवलं असेल तरच बदललेलं दिसतं. डॅशबोर्डच्या खणात एक छोटी वही आणि एक काळा मार्कर ठेवा, तेवढं पुरतं.

आधी गरम होण्याचं बघू, कारण दुर्लक्ष केलं तर तेच सगळ्यांत महाग पडतं. एसी बंद केल्यावर दिवा गेला, म्हणजे बोजा उतरल्यावर तापमान खाली आलं. कूलिंग चालतंय खरं, पण काठावर चालतंय, एवढंच त्यावरून कळतं. खानापूर-बेळगाव सपाटीवर ते पुरं पडतं. केरीपासून वर दुसऱ्या गिअरात, एसी लावून, चार माणसं आणि डिकी भरून चढायला लागलं की त्याचा कस लागतो.

बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर आहे. इथं उघड्या भांड्यातलं पाणी १०० ला नाही, ९७.५ अंशांच्या आसपास उकळतं. इंजिन तर रोजच ९० ते १०० च्या दरम्यान चालतं. तरी आतलं पाणी उकळत नाही, कारण रेडिएटरचं झाकण कुकरच्या शिट्टीचं काम करतं. ते साधारण १ बार दाब धरून ठेवतं आणि त्यामुळे उकळायला १२० अंशांच्या आसपास जावं लागतं. पाण्यात निम्मं कूलंट मिसळलेलं असेल तर आणखी थोडं वर. कुकरची रिंग सैल झाली की डाळ कच्ची राहते, तसं या झाकणाचं रबर कडक झालं, चिरलं किंवा स्प्रिंग ढिली पडली की दाब धरत नाही आणि पाणी आधीच उकळून बाहेर पडायला लागतं. झाकण काही शे रुपयांत येतं. हेडचा विषय काढायच्या आधी झाकण बदलून बघायला काहीच हरकत नाही, फक्त नवीन झाकणावरचा दाबाचा आकडा जुन्याइतकाच हवा.

आता बघायचं कसं ते सांगतो. सकाळी, रात्रभर गाडी थंड झाल्यावरच. इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडलं तर उकळतं पाणी थेट तोंडावर येतं, त्यामुळे घाई असली तरी उघडायचं नाही. बॉनेट उघडा आणि तुमच्या गाडीत रचना कुठली आहे ते आधी बघा. काही गाड्यांत झाकण थेट प्लॅस्टिकच्या टाकीवरच असतं आणि टाकीसकट सगळ्यात दाब असतो. तिथं रेघ बघितली की झालं. दुसऱ्या प्रकारात रेडिएटरला स्वतःचं झाकण असतं आणि बाजूला एक साधी बाटली असते. इथं लोक फसतात. बाटली भरलेली दिसते, सगळं ठीक आहे असं वाटतं, आणि रेडिएटर निम्मा रिकामा असतो. झाकण खराब असेल तर गाडी थंड होताना बाटलीतलं कूलंट परत आत ओढलं जात नाही. म्हणून थंड गाडीचं रेडिएटरचं झाकण उघडून आत बोट घाला. कूलंट गळ्यापर्यंत लागायला पाहिजे. बोट कोरडं बाहेर आलं तर बाटलीवरच्या रेघेला काही अर्थ नाही.

भरून घेतल्यावर बाटलीवर मार्करनं बारीक रेघ मारा आणि बाजूला तारीख लिहा. दोन आठवडे, दर तीन-चार दिवसांनी, सकाळीच बघा. रेघ हलली नाही तर गळती नाही, मग वाऱ्याकडे आणि फॅनकडे वळायचं. रेघ बोटभर खाली गेली तर कूलंट कुठंतरी जातंय. होसच्या (रबरी पाइपच्या) तोंडाशी, वॉटर पंपाखाली, रेडिएटरच्या प्लॅस्टिक आणि ॲल्युमिनियमच्या सांध्यावर पांढरट-हिरवट वाळलेले डाग शोधा. गळती बारीक असली की थेंब दिसत नाही, गरम जागेवर तो वाळून जातो आणि डाग तेवढा उरतो. डाव्या बाजूच्या पायाखालचं मॅट ओलं आणि गाडीत गोडसर वास येत असेल तर हीटरची जाळी फुटलीय. पावसाळ्यात हे मॅट दरवाज्यातून आलेल्या पाण्यानंही ओलं होतं, म्हणून बोटाला चिकट लागतंय का ते बघा.

पहिल्या मिस्त्रीनं पाणी भरून दिलं, त्यात चूक नाही, वाटेत अडकलेल्या माणसाला तेच करावं लागतं. पण ते तसंच ठेवायचं नसतं. पाणी वाढलं की गंज रोखणारी द्रव्यं पातळ होतात, आणि आपल्याकडचं बोअरचं पाणी जड आहे, त्याचे क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतात. सगळं काढून स्वच्छ धुऊन निम्मं कूलंट आणि निम्मं डिस्टिल्ड पाणी भरा. तयार मिसळलेलं घेतलं तर त्यात पाणी घालायचं नाही. आणि हिरवा म्हणजे हा प्रकार, लाल म्हणजे तो, असं काही नक्की नसतं. रंग कंपनी आपल्या मर्जीनं घालते. गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेला प्रकार बघा आणि दोन प्रकार एकमेकांत मिसळू नका.

रेघ हलली नसेल तर वारा बघू. रेडिएटरच्या पुढं एसीची जाळी असते. तिच्या पातळ पत्र्यांत किडे, धूळ, उसाचं पाचट, सुगीतलं भाताचं भूस अडकतं. ट्रॉलीच्या मागून रोज चालणाऱ्या गाडीत हे जास्तच. टॉर्च लावून बघा, जाळीपलीकडचा उजेड दिसायला पाहिजे. धुताना साध्या पाइपनं, शक्यतो इंजिनाच्या बाजूनं बाहेरच्या दिशेनं पाणी मारा. सर्व्हिस सेंटरचा प्रेशरचा फवारा जवळून मारला तर पत्रे आडवे होतात आणि उरलेला वाराही बंद होतो.

फॅन तपासायचा तर एसी बंद ठेवून गाडी जागेवर चालू ठेवा. पंधरा-वीस मिनिटांत फॅन आपोआप सुरू होऊन काही वेळानं बंद झाला पाहिजे. पुष्कळ जण एसी लावून फॅन फिरतोय असं बघतात आणि समाधान मानतात. त्यातून मोटर चांगली आहे एवढंच कळतं, तापमान बघून फॅन लावणारा सेन्सर आणि रिले तपासले जात नाहीत. ज्या गाड्यांत फॅनचे दोन वेग असतात तिथं कमी वेगाचा रेझिस्टर जळतो. मग फॅन फक्त मोठ्या वेगावर, म्हणजे उशिरा लागतो. सपाटीवर कुणाच्या लक्षात येत नाही, घाटात दिवा लागतो. तुमच्या वर्णनात हे बसू शकतं.

आणखी एक चाचणी आहे, पण ती कूलंट आणि झाकण नीट केल्यावरच करायची. काकतीवरून हत्तरगीकडे जाताना वंटमुरीचा घाट हायवेचा आहे, तिथं साठच्या वेगानं चढता येतं आणि समोरून वारा भरपूर मिळतो. तिथं गाडी तापत नसेल आणि चोर्ल्याला किंवा बेळगावच्या गर्दीत तापत असेल, तर फॅन किंवा जाळी. दोन्हीकडे तापत असेल तर रेडिएटर आतून चोंदलाय, थर्मोस्टॅट (कूलंटची वाट उघडणारी झडप) अर्धवट उघडतोय किंवा वॉटर पंप कमी पाणी फेकतोय. थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडायला लागतो आणि तो बदलणं हे काही मोठं काम नाही.

हेडबद्दल. दुसरा मिस्त्री म्हणतो ते खरं असेल, म्हणजे हेडखालचं गॅस्केट फुटलं असेल, तर खुणा वेगळ्या दिसतील. थंड गाडी सुरू केल्यावर मिनिटाभरातच, पाणी तापायच्या आधी, वरचा होस दगडासारखा कडक होणं. टाकीत सतत बुडबुडे. गाडी पूर्ण गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून गोड वासाचा पांढरा धूर. गळती कुठंच दिसत नाही आणि कूलंट मात्र कमी होतंय. यातली एक नव्हे, दोन-तीन खुणा एकत्र पाहिजेत. नुसत्या पांढऱ्या धुरावर जाऊ नका, बेळगावच्या थंडीत सकाळी चांगल्या गाडीतूनही वाफ येते. तसंच ऑइलच्या झाकणाखाली दुधाच्या सायीसारखा थर पावसाळ्यात थोडं-थोडं अंतर चालणाऱ्या गाडीत साचतो, तो दमटपणाचा असतो. तोच डिपस्टिकवरही (ऑइल मोजायच्या पट्टीवरही) दिसला तर मात्र गाडी चालवू नका. हेड उतरवायच्या आधी दोन चाचण्या करून घ्या. एकीत हातपंपानं कूलिंगमध्ये दाब भरून तो टिकतो का बघतात. दुसरीत टाकीतली हवा निळ्या द्रवातून ओढतात, इंजिनाचा जळका वायू मिसळत असेल तर द्रव पिवळा होतो. दोन्हीचा खर्च हेड उतरवण्याच्या मजुरीपुढे नगण्य आहे. चाचणी न करता थेट हेडला हात घालायला निघालेल्याला नमस्कार करून दुसरं गॅरेज बघा.

चढावर पुन्हा दिवा लागला तर एसी बंद, हीटर पूर्ण गरमवर आणि त्याचा पंखा मोठा करा, घामाघूम व्हाल पण इंजिनाची उष्णता बाहेर पडेल. सुरक्षित जागी थांबा. फॅन फिरतोय आणि वाफ नाही, तर दोन-तीन मिनिटं गाडी जागेवर चालू ठेवलेली चालते. वाफ दिसली किंवा दिवा गेला नाही तर इंजिन बंद, आणि पाऊण तास तरी झाकणाला हात लावायचा नाही. वरून गार पाणी ओतू नका, हेड वाकतं. आणि एक धोका लक्षात ठेवा. कूलंट पूर्ण निघून गेलं तर सेन्सर कोरडा पडतो आणि कधीकधी दिवा लागतच नाही. त्यामुळे दिवा विझलाय, पण हीटरमधून गार हवा येतेय असं झालं, तर ती सुटका नाही, पाणी संपलंय.

आता ब्रेक. गोव्याला जाताना तुम्ही घाट उतरता, परतताना चढता, त्यामुळे एकाच फेरीत दोन्हींची परीक्षा होते. पेडल खाली जातं म्हणजे नेमकं काय होतं, त्यावर कारण ठरतं. घाट उतरून झाल्यावर मऊ वाटतं आणि गाडी थंड झाल्यावर पूर्ववत होतं? मग ब्रेक ऑइल जुनं आहे. हे ऑइल हवेतली ओल शोषतं, आणि जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसात ओलीला तोटा नाही. नवं डॉट ४ ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, ओल शोषलेल्या अवस्थेत ही हमी १५५ पर्यंत खाली येते. सतत ब्रेक दाबून उतरलं की कॅलिपरमधल्या (चाकाजवळ पॅड दाबणाऱ्या भागातल्या) ऑइलची वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पेडल खाली बसतं. दर दोन वर्षांनी ऑइल बदलायचं ते यासाठी. सेकंडहँड गाडीची नोंद नसेल तर बदललेलं नाही असं धरून चाला.

गाडी उभी असताना, इंजिन चालू ठेवून पेडल एकसारखं दाबून धरलं आणि ते हळूहळू खाली जात राहिलं, तर मास्टर सिलिंडर (पेडलचा जोर ऑइलवर देणारा पंप) आतून सोडतोय किंवा कुठंतरी गळती आहे. हे झालं तर घाटात जायचंच नाही. पहिल्या दाबाला खाली आणि दोन-तीनदा दाबल्यावर वर येत असेल तर मागच्या ड्रममधले लायनर झिजलेत किंवा ॲडजस्टमेंट सुटलीय. हँडब्रेक किती टक-टक होऊन लागतो ते मोजा. बहुतेक गाड्यांत पाच-सातमध्ये लागायला हवा, दहा-बारा होत असतील तर मागचे ड्रम उघडायची वेळ आली. बूस्टरची, म्हणजे पेडल हलकं करणाऱ्या भागाची, चाचणी सोपी आहे. इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबा, ते कडक होईल. दाबून धरूनच गाडी सुरू करा, पेडल किंचित खाली सरकलं पाहिजे. सरकलं नाही तर बूस्टर किंवा त्याचा व्हॅक्यूमचा पाइप.

पुढची पॅड चाकाच्या फटीतून टॉर्चनं दिसतात. नवीन पॅडचं घासणारं जाडपण साधारण १० मिलिमीटर असतं, ३ वर आलं की बदलायचं. डबीतलं ब्रेक ऑइल पॅड झिजतील तसं हळूहळू खाली येतं, ते नैसर्गिक आहे. म्हणून खाली दिसलं की लगेच भरू नका, आधी पॅड बघा. भरून ठेवलं तर नवीन पॅड बसवताना ऑइल वर येऊन सांडतं आणि रंग खातं. पॅड ठीक असूनही पातळी खाली गेली तर मात्र गळती. घाट उतरल्यावर कुठं थांबलात की चारही चाकांजवळ हात न्या, हात लावू नका, नुसती धग बघा. पुढची दोन्ही सारखीच गरम असली पाहिजेत. एकच चाक भट्टीसारखं असेल तर त्या बाजूच्या कॅलिपरची पिन जाम आहे, ब्रेक सुटत नाही. असं चाक पेट्रोलही खातं आणि बेअरिंगही. पावसात रात्रभर उभ्या गाडीच्या डिस्कवर येणारा तांबडा गंज चार-सहा ब्रेकांत निघून जातो, त्याची काळजी करू नका.

उतरताना ज्या गिअरात ती चढण चढाल त्याच गिअरात उतरा. चोर्ल्याला बहुतेक वळणांवर दुसरा. ब्रेक पाय ठेवून घासत आणायचा नाही. दाबायचा, वेग कमी करायचा, सोडायचा.

इथपर्यंतचा क्रम सांगायचा तर: रेडिएटरमध्ये बोट, रेघ, झाकण, जाळी, फॅन, मग थर्मोस्टॅट, आणि चाचणी झाल्याशिवाय हेड नाही. ब्रेकला आधी पॅड आणि ऑइल, मग मागचे ड्रम, आणि पेडल धरून ठेवल्यावर बुडत असेल तर बाकी सगळं सोडून तेच. या दोन गोष्टी तुमच्यासाठी आजच्या आहेत. पुढचं महिन्यातून एका रविवारी वीस मिनिटांत होतं.

इंजिन ऑइल सपाट जागेवर, गाडी बंद करून दहा मिनिटांनी बघा. छोट्या पेट्रोल गाडीत डिपस्टिकच्या खालच्या आणि वरच्या खुणेत साधारण लिटरभराच्या आतबाहेर अंतर असतं. आकडा किलोमीटरसकट लिहा. काळं झालंय म्हणून खराब, असं नाही, मळ पकडणं हे त्याचं कामच आहे. हजार किलोमीटरला थोडंसं कमी होणं चालतं. महत्त्वाचा असतो तो बदल. गेल्या सहा महिन्यांत सुईभर कमी व्हायचं आणि आता निम्मं होतंय, तर सायलेन्सरमधून निळसर धूर येतोय का, खाली ठिबकतंय का, ते शोधायचं. पुस्तिकेत १० हजार किलोमीटर किंवा वर्ष लिहिलेलं असतं. तांबड्या धुळीत, थोड्या अंतरावर, ट्रॉल्यांच्या मागून चालणाऱ्या गाडीला मी साडेसात हजार धरतो. एअर फिल्टर मात्र पाच हजाराला उघडून बघा, खानापूर तालुक्यातल्या कच्च्या रस्त्यावर तो तेवढ्यात भरतो.

दिव्यांचा हिशेब सोपा आहे. लाल म्हणजे थांबा, पिवळा म्हणजे बघा. ऑइलचा लाल दिवा पातळीचा नसतो, दाबाचा असतो. तो चालत्या गाडीत लागला तर दोन किलोमीटरवर गॅरेज आहे म्हणून पुढं नेऊ नका, बेअरिंग तेवढ्यातच जातात. इंजिनाचा पिवळा दिवा स्थिर असेल तर एक-दोन दिवसांत स्कॅन करून घ्या. तोच मिचकत असेल आणि गाडी झटके देत असेल तर एखादा सिलिंडर मिसिंग मारतोय. न जळलेलं पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि प्लगच्या किमतीचं काम कन्व्हर्टरच्या किमतीवर जातं.

टायरमधली हवा सकाळी, गाडी चालवायच्या आधी, ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे भरा. पंपावरचा मुलगा सगळ्यांना एकच आकडा भरतो, त्याला तुमच्या गाडीचा आकडा सांगावा लागतो. टायर झिजतो तो काहीतरी सांगत झिजतो. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी, मध्यभाग झिजला तर जास्त, एकच कड झिजली तर अलाइनमेंट, हात फिरवल्यावर उंच-सखल लागलं तर शॉकअप. कायद्यानं खाच १.६ मिलिमीटरपर्यंत चालते, पण इथल्या पावसात ३ च्या खाली गेली की पाणी कापत नाही. टायरच्या बाजूला चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. तुमच्या गाडीला मूळचे २०१६ चे टायर असतील तर खाच शिल्लक असली तरी रबर कडक झालंय. खड्ड्यात चाक जोरात आदळल्यावर बाजूला फुगवटा आला का ते हात फिरवून बघा, आतल्या बाजूनंसुद्धा.

आवाजांवर लिहायचं तर संपणार नाही, तीनच सांगतो. स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू चालवताना टक-टक-टक येत असेल तर ॲक्सलचा सीव्ही जॉइंट. त्यावरचं रबरी बूट फाटलं की ग्रीस चाकाच्या आतल्या बाजूला उडलेलं दिसतं. त्या टप्प्यावर बूट आणि ग्रीस एवढाच खर्च असतो, आवाज यायला लागल्यावर पूर्ण जॉइंट. छोट्या खड्ड्यांवर पुढून सुटं खड-खड येत असेल तर बहुतेक वेळा लिंक रॉड, स्वस्तातलं काम. वेगाबरोबर वाढणारा घूं असा आवाज व्हील बेअरिंगचा किंवा टायरचा. हायवेवर मोकळ्या जागी सौम्य वळण घेताना डावीकडे वळल्यावर आवाज वाढला तर उजवं बेअरिंग संशयित, कारण भार उजव्या बाजूवर जातो. वळल्यानं काहीच फरक पडत नसेल तर आधी टायर बघा.

बॅटरीला साधा मल्टीमीटर पुरतो. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ च्या दरम्यान पाहिजे, त्याखाली असेल तर बॅटरी बदलून उपयोग नाही, अल्टरनेटर किंवा बेल्ट बघा.

खानापूर म्हटल्यावर उंदीर सांगायलाच हवेत. सुगी झाली, पिंजर रचली, की गाडी गोठ्याशेजारी उभी असेल तर उबेला ते बॉनेटखाली येतात. वायर तर कुरतडतातच, पेट्रोलचा पाइपही सोडत नाहीत. लेंड्या किंवा काड्या दिसल्या तर गाडी सुरू करायच्या आधी वायरी बघा, आणि पेट्रोलचा वास येत असेल तर चावी फिरवूच नका.

काही गोष्टी गाडीवर अवलंबून आहेत. तुमच्या इंजिनाला टायमिंग चेन आहे की बेल्ट, हे मॉडेलवर ठरतं. पुस्तिका बघा किंवा पार्टच्या दुकानात चॅसिस नंबर दाखवा. बेल्ट असेल आणि बदलल्याची नोंद नसेल, तर ७४ हजारावर आणि इतक्या वर्षांनंतर पुढं ढकलू नका. तो तुटला की बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. आधीच्या मालकानं गाडी कशी चालवली, किती दिवस पाणी घालून चालवली, हेही मला इथून कळणार नाही.

मिस्त्रीकडे जाताना "सगळं एकदा बघा" म्हणू नका आणि रोगाचं नावही सांगू नका. लक्षण सांगा: केव्हा, गरम की थंड, कुठल्या गिअरात, एसी चालू की बंद. "पॅड गेलेत" म्हणाला तर किती मिलिमीटर राहिलेत ते मोजून दाखवायला सांगा. "बॅटरी गेली" म्हणाला तर मीटरवरचा आकडा विचारा. काढलेला पार्ट परत मागा. बेळगावात मिस्त्री कन्नड बोलणारा असो की मराठी, पॅड, गॅस्केट, थर्मोस्टॅट हे शब्द दोघांचेही सारखेच आहेत, आणि मोजून दाखवा म्हटल्यावर चांगला मिस्त्री रागावत नाही.

उद्या सकाळी सुरुवात रेडिएटरपासून करा. बोट ओलं की कोरडं, झाकणाच्या रबराला चीर आहे का, आणि एसी बंद असताना फॅन किती मिनिटांनी लागला, ही तीन उत्तरं आणि दोन आठवड्यांनंतरची रेघ कळवा. तोवर गोव्याला जायचंच झालं तर बसनं जा.